उचलणार कोण?

जून उजाडला की एक व्हिडिओ कुठून ना कुठून येतोच. चिखलाची पायवाट, पुढे दोघांची दप्तरं सांभाळणारा एक पोरगा, मागे वर्गमित्राला पाठुंगळी घेऊन चालणारा दुसरा. त्याखालचा वादही ठरलेला. एका बाजूला ‘माणुसकी अजून शिल्लक आहे’ म्हणून डोळे पुसणारे; दुसऱ्या बाजूला ‘कसली माणुसकी, शाळेला रॅम्प का नाही?’ म्हणून सरकारला धारेवर धरणारे. दुसरी बाजू अर्थातच जास्त शहाणी. पण पाठीवरच्या त्या मुलाचा दिवस शाळेच्या वाटेवर सुरू होत नाही आणि संपतही नाही. त्याला सकाळी अंथरुणातून कोणी उठवलं, अंघोळ कोणी घातली, शाळेत लघवीला कोण नेणार, रात्री कूस कोण बदलणार, याबद्दल दोन्ही बाजू गप्प असतात. तीव्र शारीरिक अपंगत्व घेऊन मोठं होणाऱ्या मुलाला सगळ्यात आधी माणूस लागतो. ठरल्या वेळी येणारा, काम शिकलेला, पगार घेणारा, आणि मूल वाढेल तसा त्याच्या सांगण्याने चालणारा माणूस. त्याचा पगार सार्वजनिक पैशातून निघाला पाहिजे, असं या लेखाचं म्हणणं आहे. आज तो आईच्या कंबरेतून आणि मित्राच्या पाठीतून वसूल होतो.

रॅम्पची गरज कोणी नाकारत नाही. नियमाप्रमाणे उतार एकास बारा हवा, म्हणजे दीड फूट उंच जोत्याला अठरा फूट लांबीचा रॅम्प. जागा नाही म्हणून तोच सहा फुटांत बसवला की चढताना व्हीलचेअर मागे उलटते. मग तो रॅम्प मुख्याध्यापकांच्या मोटारसायकलच्या कामी येतो. पण समजा, अठरा फुटी रॅम्प झाला आणि मूल वर्गात पोचलं. पुढे? मस्क्युलर डिस्ट्रॉफीच्या, म्हणजे स्नायू हळूहळू दुबळे होत जाणाऱ्या आजाराच्या मुलाचा हात बाकावरून घसरून खाली लोंबायला लागला तर त्याला तो स्वतः उचलून वर ठेवता येत नाही. सेरेब्रल पाल्सीच्या, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसलेल्या मुलाला डबा भरवताना मान मागे झुकली की घास श्वासनलिकेकडे जातो आणि वारंवार न्यूमोनिया होतो. पाठ सरळ, हनुवटी किंचित खाली, छोटा चमचा, आणि पहिला घास गिळल्याची खात्री झाल्यावरच दुसरा. स्पायना बिफिडाच्या, म्हणजे जन्मतः पाठीचा कणा नीट न जुळलेल्या मुलीला दर चार तासांनी कॅथेटर म्हणजे बारीक नळी घालून लघवी काढावी लागते. शाळा अकरा ते पाच. यातलं एकही काम रॅम्प करत नाही. म्हणून ही मुलं स्वतःच एक उपाय शोधतात: सकाळपासून पाणी पीत नाहीत. परिणाम बद्धकोष्ठता, लघवीचा जंतुसंसर्ग, ताप, आणि हजेरीपटावर ‘वारंवार आजारी’ असा शेरा.

उचलणं हेही एक कौशल्य आहे आणि ते पाठुंगळीच्या व्हिडिओत दिसत नाही. ज्याच्या हातात पकडायची ताकद नाही, ते मूल पाठीवरून मागे कोसळू शकतं. मस्क्युलर डिस्ट्रॉफीत खांद्याचे स्नायू इतके दुबळे होतात की काखेत हात घालून उचललं तर मूल हातांतून खाली निसटतं. हाताला धरून ओढलं तर खांदा निखळायची भीती. व्हीलचेअरवरून कमोडवर न्यायचं तर आधी दोन्ही ब्रेक लावायचे, पायाच्या पट्ट्या वर करायच्या, खुर्ची कमोडला तिरकी लावायची. एकाने मागून छातीभोवती हात घालून मुलाचे हात त्याच्याच छातीवर आडवे धरायचे, दुसऱ्याने गुडघ्यांखाली हात घालायचे, आणि ‘एक, दोन, तीन’ म्हणून एकदम उचलायचं. आठ वर्षांचं, बावीस किलोचं मूल आई एकटी उचलते. चौदाव्या वर्षी तेच मूल चाळीस किलोचं होतं आणि आईची कंबर तोवर गेलेली असते. नेमकी याच वयात बरीच मुलं शाळेतून गळतात. कागदावर कारण अपंगत्व पडतं, प्रत्यक्षात कारण वजन असतं.

जवळजवळ सगळं शरीर लुळं पडूनही संशोधन करत राहिलेले ब्रिटिश शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांचं नाव अशा चर्चेत हमखास निघतं. इच्छाशक्ती असली की काय अशक्य आहे! इच्छाशक्ती होतीच. पण १९७० च्या दशकात त्यांच्या घरी एकेक संशोधक विद्यार्थी राहत असे. राहायला जागा आणि अभ्यासात जास्तीचं मार्गदर्शन, त्या बदल्यात हॉकिंग यांची उठबस. १९८५ मध्ये न्यूमोनियानंतर त्यांच्या श्वासनलिकेवर शस्त्रक्रिया झाली आणि चोवीस तास परिचारिका लागल्या. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेची तयारी त्यांना नर्सिंग होममध्ये ठेवायची होती; घरी राहण्यासाठी लागणाऱ्या परिचर्येचा भार अमेरिकेतल्या एका फाउंडेशनने उचलला. त्यानंतर ते तेहतीस वर्षं जगले. परिचारिकांच्या पाळ्या वगळून ही गोष्ट मुलांना सांगणं हा सरळ खोटेपणा आहे.

आपला कायदा याबाबत अगदी मुका नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ५ म्हणतं की कोणालाही विशिष्ट ठिकाणीच राहायची सक्ती नसावी आणि समाजात राहण्यासाठी वैयक्तिक सहाय्यासह सेवा मिळाव्यात, असा प्रयत्न सरकारने करावा. कलम २४ मध्ये जास्त आधाराची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहकाचा भत्ता आहे, पण सरकारच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत. कलम ३८ मध्ये अशा आधारासाठी अर्ज करायची आणि मंडळाकडून गरज तपासून घ्यायची तरतूद आहे. अडचण मोजमापापासूनच सुरू होते. प्रमाणपत्रावर ‘८० टक्के’ लिहिलेलं असतं. ८० टक्के म्हणजे दिवसाचे किती तास, हे कोणी लिहीत नाही. स्वीडनने १९९४ च्या कायद्यात मोजमाप तासांत केलं: अंघोळ, कपडे, जेवण, शौच अशा मूलभूत गरजांना आठवड्याला वीस तासांपेक्षा जास्त मदत लागत असेल, तर सहाय्यकाचा खर्च केंद्र सरकारचा. शरीरात काय कमी आहे हे डॉक्टर सांगतील. दिवसात काय अडतं, हे सांगायला घड्याळ लागतं.

आता आक्षेप. पहिला आणि सगळ्यात जिव्हारी लागणारा: आईसारखं कोण करणार? खरं आहे. मुलाच्या चेहऱ्यावरची एक आठी बघून त्याला कुठे टोचतंय हे आईला कळतं, ते पगारी माणसाला कळायला महिने जातात. सुरुवातीच्या चार-पाच वर्षांत तर आई हीच मुलाची फिजिओथेरपिस्ट आणि भाषांतरकार असते. पण या वाक्याचा उपयोग कशासाठी होतो ते बघा. आईचं कौतुक करून तिची नोकरी, झोप आणि म्हातारपण त्यात जमा करण्यासाठी. शाळेत शिजवलेलं जेवण देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये दिला. मुलांना खाऊ घालणं हे तर आईचं आद्य काम. मग खिचडीमुळे मातृत्व कमी झालं का? जपानमध्ये १९७० साली योकोहामा शहरात एका आईने सेरेब्रल पाल्सी असलेल्या आपल्या दोन वर्षांच्या मुलीचा जीव घेतला. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी शिक्षा सौम्य व्हावी म्हणून सह्यांची मोहीम काढली. बिचारी एकटी काय करणार, अशांसाठी संस्था कुठे आहेत, असा सूर होता. त्याविरुद्ध उभे राहिले ते सेरेब्रल पाल्सी असलेले प्रौढ लोक. ‘आओई शिबा’ ही त्यांची संघटना. मारली गेली ती आमच्यातली, मग सगळी करुणा मारणारीसाठी का, हा त्यांचा सवाल होता. आपल्याकडेही अशा बातम्या येतात आणि त्याखाली तसेच हळहळीचे शेरे येतात. एकाच माणसावर सगळा भार टाकायचा आणि तो मोडला की त्याच्यावर दया करायची, हा समाजाचा व्यवहार आहे. त्याला प्रेमाचं नाव देऊ नये.

शिवाय मूल वयात येतं. पंधरा वर्षांच्या मुलाला आईकडून अंघोळ घालून घ्यावी लागणं, किंवा आई गावाला गेली म्हणून मुलीचं पॅड बदलण्याचं काम काकूवर येणं, याची लाज त्या मुलांना बोलूनही दाखवता येत नाही. मित्रांशी भांडण, कोणावर तरी जीव जडणं, घरच्यांना न सांगता सिनेमाला जाणं या सगळ्यासाठी आईवडिलांपासून थोडं अंतर लागतं, आणि जिला खुर्चीत बसवायलाही आईच लागते तिला ते अंतर मिळत नाही. मदतीला माणसं नसली की समाज शरीरालाच हात घालतो, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय संस्थेतल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्यात शस्त्रक्रिया करून काढण्यात आली. पाळीच्या दिवसांतली स्वच्छता राखता येत नाही, हे तेव्हा दिलेलं कारण होतं. त्या मुलींचं अपंगत्व वेगळ्या प्रकारचं. पण काळजी घेणाऱ्यांच्या सोयीचा तर्क तोच.

दुसरा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. पगारी मदतनीस मधे आला की मैत्री मरते. वर्गात मुलाशेजारी मोठं माणूस सतत चिकटून बसलं की बाकीची मुलं फिरकत नाहीत, शिक्षक प्रश्न मुलाला न विचारता मदतनिसाला विचारतात, मूलही उत्तरासाठी तिच्याच तोंडाकडे बघायला लागतं. मदतनिसाच्या प्रयोगाची चूक काढणारे अनुभवी विशेष शिक्षक हेच सांगतात आणि ते बरोबर सांगतात. पण हा दोष नेमणुकीच्या पद्धतीत आहे. मदतनीस एका मुलाच्या नावावर न ठेवता शाळेच्या नावावर ठेवावी. तिची जागा वर्गाच्या मागे किंवा बाहेर. तिची कामं वेळेला बांधलेली: मधली सुट्टी, दुपारचं लघवीचं नेणं, दर अर्ध्या तासाने बैठक बदलून देणं म्हणजे पार्श्वभागावर जखम होत नाही. वही काढून देणं, पेन खाली पडलं तर उचलणं, मैदानात खुर्ची ढकलणं हे मित्रांनी करावं. पाठुंगळी नेणाऱ्या त्या पोराचा अपमान करायचा माझा हेतू नाही. पण त्याच्यावर ही सक्ती आहे तोवर त्या मैत्रीत भांडण करता येत नाही. आज कट्टी केली तर उद्या शाळेत कोण नेणार? ज्या मैत्रीत कट्टी परवडत नाही, ती मैत्री बरोबरीची कशी असेल?

केरळचा अनुभव इथे उपयोगी आहे. मलप्पुरम भागात १९९९ च्या सुमाराला अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांसाठी शेजाऱ्यांचं जाळं उभं राहिलं. २००८ मध्ये राज्याने त्यासाठी धोरण केलं आणि स्थानिक संस्थांनी पगारी नर्स नेमल्या. स्वयंसेवक मागे हटले का? उलट, जखम धुणं आणि कॅथेटर बदलणं हे काम ठरल्या दिवशी नर्सने केलं की शेजाऱ्याला नुसतं गप्पा मारायला येता येतं.

तिसरा आक्षेप वसतिगृहवाल्यांचा. घरोघरी माणूस पाठवण्यापेक्षा एका जागी पन्नास मुलं ठेवा. स्वस्त, सुरक्षित, तज्ज्ञ लोक हाताशी. त्यातला एक मुद्दा मी बिनशर्त मान्य करते. तीव्र अपंगत्व असलेल्या मुलाने आपल्यासारखा मोठा माणूस कधी पाहिलेलाच नसतो. नोकरी करणारा, रागावणारा, कर्ज काढून घर बांधणारा व्हीलचेअरवरचा माणूस पाहिल्यावर त्याला पहिल्यांदा स्वतःच्या पुढच्या वीस वर्षांचं चित्र दिसतं. कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ उभी केली, ती स्वतः व्हीलचेअरवर बसून. तिथल्या वसतिगृहाने कितीतरी खेड्यांतल्या मुलांना हे चित्र दिलं. त्याच कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून एकामागून एक बोर्डिंगं काढली, कारण शाळेचं दार उघडं असून भागत नव्हतं. खेड्यातल्या पोराला राहायला आणि जेवायला जागा नव्हती. हक्क वापरता येण्यासाठी जी सोय लागते ती सोय हाही हक्काचाच भाग, हे शाहूंना शंभराहून जास्त वर्षांपूर्वी कळलं होतं.

पण शाहूंच्या बोर्डिंगातून पोरं शिकून बाहेर पडली, आयुष्यभर तिथे राहिली नाहीत. संस्थेची खरी कसोटी दाराची दिशा. आणि संस्थेत घड्याळ संस्थेचं असतं: सकाळी सहाला अंघोळ, कारण कर्मचाऱ्यांची पाळी सातला बदलते, रात्री आठला झोप, कारण नंतर उचलायला एकच माणूस असतो. अमेरिकेतल्या अपंगांच्या चळवळीचे नेते एड रॉबर्ट्स यांना १९५३ मध्ये, चौदाव्या वर्षी पोलिओ झाला. १९६२ मध्ये ते बर्कलीच्या विद्यापीठात दाखल झाले, तेव्हा त्यांचा श्वासोच्छ्वासाचा लोखंडी पंप वसतिगृहाच्या खोलीत ठेवणं शक्य नव्हतं. म्हणून त्यांना आवारातल्या कॉवेल रुग्णालयाच्या एका मजल्यावर ठेवलं. पुढे तसेच इतर विद्यार्थी तिथे आले. एकत्र राहिल्यामुळेच ते संघटित झाले, हे वसतिगृहवाल्यांच्या बाजूचं. पण संघटित होऊन त्यांनी काय मागितलं? तिथून बाहेर पडायची सोय. १९७२ मध्ये त्यांनी बर्कलीत स्वतंत्र जगण्याचं केंद्र काढलं. मदतनिसांची यादी, राहण्याजोग्या घरांची यादी, व्हीलचेअरची दुरुस्ती अशी त्याची कामं. मदतनीस कोण असावा, त्याला कामावरून काढायचं कधी, हे ठरवणारे अपंगच.

व्हीलचेअरच्या दुरुस्तीवरून आठवलं. आपल्याकडे मोफत साहित्य वाटपाच्या शिबिरात दहा वर्षांच्या मुलालाही अठरा इंची बैठकीची मोठ्यांची खुर्ची मिळते. बैठक कमरेपेक्षा इंच-दीड इंचच रुंद हवी आणि गुडघ्यामागे दोन बोटं जागा सुटायला हवी. नाहीतर मूल एका बाजूला कलतं आणि दोनेक वर्षांत पाठीचा कणा वाकायला लागतो. हे रोज जवळून बघणारा शिकलेला माणूस असता, तर पहिल्या आठवड्यात त्याने दोन्ही बाजूंना फोमच्या गाद्या लावल्या असत्या.

परक्या माणसाच्या हाती मूल कसं सोपवायचं, ही भीती खोटी नाही. जे मूल ओरडू किंवा पळू शकत नाही त्याच्यावर अत्याचार करणं सोपं असतं, आणि करणारा बहुधा रोजच्या ओळखीतलाच असतो. म्हणूनच एकाच माणसावर अवलंबून राहणं धोक्याचं, मग तो पगारी असो की नात्यातला. पोलीस पडताळणी, मुलींना स्त्री मदतनीसच, आळीपाळीने येणाऱ्या दोघीजणी, आणि अंगाला कोणी, कुठे, कशासाठी हात लावायचा हे मुलाला चौथ्या-पाचव्या वर्षापासून शब्दांत शिकवणं. ज्याला बोलता येत नाही त्याच्या चित्रफलकावर, म्हणजे चित्र दाखवून बोलायच्या पाटीवर, शरीराच्या अवयवांची आणि ‘नको’ची चित्रं असलीच पाहिजेत, बहुतेक फलकांवर भूक, तहान आणि शू एवढंच असतं.

राहिला पैसा. शाळेच्या दिवसाला चार तास, महिन्याला सव्वीस दिवस, म्हणजे १०४ तास. तासाला ८० रुपये धरले तर महिना ८,३२० रुपये आणि दहा महिन्यांचे ८३,२००. एकाच शाळेत अशी दोन-तीन मुलं असली तर तीच मदतनीस पुरते. आजचं चित्र असं: केंद्राची अपंग निवृत्तिवेतन योजना ८० टक्के अपंगत्व असलेल्या, दारिद्र्यरेषेखालच्या प्रौढाला महिना ३०० रुपये देते. केरळ अंथरुणाला खिळलेल्यांची काळजी घेणाऱ्याला ६०० देतं. महाराष्ट्राने संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांचं अनुदान २०२५ मध्ये २,५०० केलं, त्याचं स्वागतच. पण ते पोटासाठी आहे. तेच मदतीवर खर्चायचं म्हटलं तर १०४ तासांना तासाला २४ रुपये पडतात. राज्यातल्या स्थानिक संस्थांनी स्वउत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असा नियम आहे. दहा लाख स्वउत्पन्नाच्या ग्रामपंचायतीचे ५० हजार होतात. ते मार्चअखेर वस्तू वाटण्यात जातात किंवा पाचशे-हजार रुपयांनी सगळ्यांना सारखे वाटले जातात. वाटपात कोणी नाराज होत नाही, म्हणून ते सरपंचाला सोयीचं. दोन गावांनी मिळून त्यातून एक मदतनीस नेमली तर वर्षाचा हिशेब बसतो. लहान गावांचं उत्पन्न यालाही पुरणार नाही, हे खरं. तिथे तालुक्याने आणि राज्याने भर घालावी लागेल. देशाला हे परवडत नाही म्हणणाऱ्यांनी एवढंच सांगावं की आज हे काम फुकट होत आहे का, की त्या आईच्या बुडालेल्या मजुरीतून त्याचे पैसे रोज भरले जात आहेत?

शाळेत जी काही मदत मिळते तीही अठराव्या वर्षी संपते. बारावीला लेखनिक मिळतो, तासाला वीस मिनिटं जास्त मिळतात, आणि कॉलेजच्या फाटकाशी तोच मुलगा पुन्हा बापाच्या स्कूटरवर. जपानमध्ये २०१९ साली तीव्र अपंगत्व असलेले दोन उमेदवार वरिष्ठ सभागृहावर निवडून आले. तेव्हा लक्षात आलं की सरकारी सहाय्यक घरी चालतो, पण कामाच्या तासांना त्याचा पगार मिळत नाही. शेवटी सभागृहातल्या वेळेचा खर्च सभागृहानेच उचलला. आपल्याकडे विधानभवन राहू द्या, कॉलेजच्या प्रवेश अर्जापासून सुरुवात करता येईल. जातीचा, उत्पन्नाचा आणि अपंगत्वाच्या टक्क्यांचा रकाना त्यात आहेच. त्याखाली आणखी तीन ओळी हव्यात: दिवसाला किती तास मदत लागते, कोणकोणत्या कामांना, आणि मदतनीस पुरुष हवा की स्त्री. त्या ओळी विद्यार्थ्याने स्वतः भरायच्या.